तिसऱ्या वहीचा पुठ्ठा

कच्च्या कैद्यांची बराक
४ मार्च

ताई,

नमस्कार-चमत्कार समजून घे, इथे कागद दोनच मिळतात आणि त्यातल्या एकावर आधीच कुणीतरी बेरजा केल्या आहेत. मी बरा आहे. पाठ धरली आहे, पण ती फरशीवर झोपून. अंगाला कुणी हात लावलेला नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे तू उगाच डोकं फिरवून घेणार नाहीस.

हे पत्र तुझ्याआधी इथले एक साहेब वाचतील. त्यांचा शिक्का खाली असेल. तू लिहिशील तेही ते आधी वाचणार, तेव्हा जपून लिही.

त्या वह्यांमध्ये काय होतं ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. दोन वर्षं मी आणि मास्तर गावाबाहेरच्या दलित वस्तीत आणि वर डोंगरातल्या आदिवासी पाड्यांवर फिरलो. कुणाचं घर जाळलं, कुणाला कसत्या जमिनीवरून हुसकलं, कुणाच्या मुलाला चौकीत नेऊन मारलं, ज्याचं त्याच्या तोंडून लिहून घेतलं, खाली अंगठा घेतला. तीनशे बारा जबान्या झाल्या, तीन वह्या भरल्या. तू त्या बांधून दिल्यास. याच महिन्यात मी त्या कोर्टात ठेवणार होतो.

त्या सकाळी आठ जण आले. कपाटात शंभरावर पुस्तकं आहेत. त्यांच्यातला एक सरळ तिसऱ्या वहीकडे गेला, चाकूने पुठ्ठा फोडला आणि आतून बंदी असलेल्या संघटनेचं पत्रक काढलं. सरळ गेला, ताई. कुणीतरी पत्ता दिल्यासारखा. आता त्या पत्रकामुळे मी त्या संघटनेचा माणूस ठरलो आणि तीनशे बारा माणसांच्या जबान्या खोट्या ठरल्या.

पत्रक मी ठेवलेलं नाही. मग कुणी? पहिल्या दोन वह्या तुझ्याकडून थेट माझ्याकडे आल्या. तिसरी मात्र तीन आठवडे मास्तरांकडे होती, लोकांना त्यांच्या जबान्या वाचून दाखवायला. दोन आठवडे मी हेच दळण दळतोय. मास्तर स्वतः त्या वस्तीतले. असा विचार करायची मला लाज वाटते. पण तो येतो आणि जात नाही. ते दुकानावर आले तर काय बोलतात याकडे लक्ष ठेव.

छोट्या


दुकान
१९ मार्च

छोट्या,

तुझं पत्र तेरा दिवसांनी मिळालं. उघडून परत चिकटवलंय, आणि काय ते चिकटवणं! कडेला फुगे, मध्ये सुरकुत्या. ज्या साहेबांनी हे केलं त्यांना माझ्याकडे आठ दिवस पाठव, निदान गोंद लावायला शिकतील.

पाठीला गरम कपडा लाव म्हटलं तर तिथे कुठून आणशील, म्हणून ते लिहीत नाही.

दुकान चालू आहे म्हणायचं. शाळेची हजेरीपत्रकं आणि दवाखान्याचं एक जाडजूड रजिस्टर बांधून झालंय. नवं काम येत नाही. परवापर्यंत 'ताई, ताई' करणारे आता समोरच्या फुटपाथने जातात. चहाच्या टपरीवर एक गृहस्थ तीन दिवस एकच पेपर वाचतायत. मी आज मुद्दाम समोर जाऊन विचारलं, संपत नाही का हो? तर पेपर उलटा धरलेला नव्हता, एवढंच.

आता तुझा मास्तर. मंगळवारी आला होता. मी स्टूल पुढे केलं नाही, तोही उभाच राहिला. म्हटलं आता तुझी चौकशी करेल, तब्येत विचारेल. तर म्हणतो काय, "ताई, तिसऱ्या वहीला पुठ्ठा कुठला वापरला होता?" माझा भाऊ आत सडतोय आणि याला पुठ्ठ्याची पडलीय! मी म्हटलं, "का? साहेबांना कळवायचंय?" तोंड एवढंसं झालं त्याचं. काहीतरी बोलणार होता, पण टपरीवरच्या गृहस्थाकडे बघितलं आणि निघून गेला. का बघितलं त्याच्याकडे? दोघांची ओळख असल्याशिवाय? मनगटावर नवंकोरं घड्याळही होतं. शाळामास्तराला कुठून आलं, तूच विचार कर.

मी पहिल्यापासून सांगत होते, त्या लोकांसाठी कर काय करायचं ते, पण त्यांना घरात घेऊ नको. तेव्हा तू मला बुरसटलेली म्हणालास. बस आता.

आणि बांधणीबद्दल कुणी विचारलंच तर छातीठोकपणे सांग. तू म्हणालास तसा तयार पुठ्ठाच लावला होता.

ताई


कच्च्या कैद्यांची बराक
११ एप्रिल

ताई,

तुझ्या पत्रातल्या दोन ओळी काळ्या केल्या आहेत. गोंदाचा विनोद मात्र ठेवलाय, म्हणजे साहेबांना लागला नसावा किंवा कळला नसावा.

मास्तरांनी पुठ्ठ्याचं विचारलं, हे मी दहा वेळा वाचलं. ज्याने पत्रक आत घातलं नाही त्याला पुठ्ठ्याशी काय करायचंय? टपरीवरच्या माणसाकडे बघणं, घड्याळ... ताई, मला अजूनही वाटतं मी चुकत असेन. पण मी वकील आहे. कुठल्या अशिलाने या गोष्टी मला सांगितल्या असत्या तर मी त्याला म्हटलं असतं, भाबडेपणा पुरे.

आरोपपत्र मिळालं. पुठ्ठ्यातून निघालेल्या कागदांचे फोटो आहेत. पत्रकाच्या पाठीला आणखी एक कागद चिकटलेला आहे. त्यावर आकड्यांच्या रांगा आहेत, ६.१०, ६.४०, ७.२५, ८.०५, आणि काहींपुढे फुल्या. शेजारी एकाखाली एक शब्द: पूल, नाका, दवाखाना, धरण. त्यांच्या तज्ज्ञांनी चार पानी अहवाल दिलाय की ही घातपाताची ठिकाणं आहेत, आकडे म्हणजे वेळा आणि फुली म्हणजे स्फोट. पूल आणि धरण उडवायचं ठरवून मी तो कागद गरिबांच्या जबान्यांमध्ये लपवला, असं त्यांचं म्हणणं. हसू आलं असतं, पण या कलमाखाली वीस वर्षं आहेत.

ज्याने हे केलं त्याने पूर्ण तयारीने केलं. माझ्या ज्युनियरला निरोप दिला आहे की जामीनअर्जात स्पष्ट लिही: वही तीन आठवडे मास्तरांच्या ताब्यात होती, कागद त्याच काळात आत गेला. पुढच्या आठवड्यात अर्ज दाखल होईल. दोन वर्षं ज्यांच्या घरी राहिलो, जेवलो, त्यांचं नाव लिहायला सांगताना वाईट वाटलं. पण एका आतल्या माणसाने दगा दिला असेल तर बाकीची तीनशे माणसं तरी का बुडावीत?

छोट्या


दुकान
२४ एप्रिल

छोट्या,

तो अर्ज थांबव.

मास्तरांचं नाव घेऊ नको. त्यांना दोन मुली आहेत. घड्याळाचं मी सहज लिहिलं होतं, ते काही पुरावा म्हणून लिहिलं नव्हतं. माणसाने एखादा प्रश्न विचारला म्हणून तो चोर होत नाही.

दुकान चार दिवस बंद ठेवलं होतं. डोकं दुखत होतं. बाकी ठीक.

पुन्हा सांगते, अर्ज थांबव. का ते विचारू नको.

ताई


कच्च्या कैद्यांची बराक
१५ मे

ताई,

अक्षर तुझं आहे, पण पत्र तुझं नाही. तुझं पत्र इतकं छोटं मी जन्मात पाहिलं नाही. एकही टोमणा नाही. महिन्यापूर्वी 'तुझा मास्तर', आता 'मास्तरांना'. कोण आलं होतं दुकानात? टपरीवरचा माणूस? की मास्तर स्वतः? काय सांगितलं त्यांनी तुला? कशाची भीती घातली? मुलाखतीला का येत नाहीस? भेटीचे दोन वार मी तयार होऊन बसलो.

तू माझ्यापासून काहीतरी लपवते आहेस. तुला धमकावलं असेल तर एवढंच लिही, 'कापड संपलं'. मी समजेन. साहेबही समजतील, पण समजोत.

अर्ज तुझ्या पत्राच्या आधीच गेला होता. ९ तारखेला मास्तरांना शाळेतून उचललं, वर्ग चालू असताना. त्यांना दुसऱ्या बराकीत ठेवलंय. परवा पाण्याच्या नळापाशी लांबून दिसले. त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला. नमस्कार होता की आणखी काही, ते कळलं नाही. मी मान वळवली.

खरं लिहितो. त्यांना आणलं हे ऐकून मला त्या दिवशी झोप चांगली लागली.

छोट्या


दुकान
३ जून

छोट्या,

हे पत्र खाली बसून वाच. वाचणाऱ्या साहेबांनीही खाली बसून वाचावं, आणि त्यातला एक शब्दही काळा करू नये, कारण हेच मी उद्या कोर्टात शपथेवर सांगणार आहे.

मला कुणी धमकावलेलं नाही. कापड भरपूर आहे.

तिसऱ्या वहीचा पुठ्ठा तयार नव्हता. तो मी बनवला होता. तू दुकान सोडून शिकायला गेलास तेव्हा लहान होतास, खळीच्या वासाने तुला मळमळायचं, म्हणून तुला बाबांची रीत ठाऊक नसेल. दोन पातळ पुठ्ठे, मध्ये छापखान्याच्या रद्दीचे पाच-सहा थर, खळ लावून चार दिवस दाबाखाली. असा पुठ्ठा दमट हवेत वाकत नाही, बाजारचा वाकतो. तू म्हणालास, "कोर्टाचं काम आहे ताई, घरगुती नको." ते मला लागलं. बाबांनी आणि मी चाळीस वर्षं कोर्टाचीच दप्तरं बांधली. मी हो म्हटलं आणि तिन्ही वह्या माझ्या रीतीने बांधल्या. नंतर तुला तोंडावर खोटं सांगितलं, पत्रातही लिहिलं.

शेजारचा छापखाना बंद झाला तेव्हा त्यांनी रद्दीचे गठ्ठे माझ्या मागच्या खोलीत टाकले. पाच वर्षं झाली. त्यात औषधांची लेबलं होती, बसची वेळापत्रकं होती, आणि त्या संघटनेची पत्रकंही होती. तेव्हा तिच्यावर बंदी नव्हती, पत्रकं चौकात हातात कोंबायचे. मी रद्दी वाचत नाही. बांधणारी वाचत बसली तर बांधणार कधी?

तुझं ते 'पूल, नाका, दवाखाना, धरण' वाचलं तेव्हाच ओळखलं. ते आपल्या बसचे थांबे आहेत रे. फुली म्हणजे रविवारी ती गाडी नाही. दवाखान्याचं रजिस्टर त्याच गठ्ठ्यातून केलं होतं, ते न्यायला कुणी आलं नव्हतं. दार लावून त्याचा एका बाजूचा पुठ्ठा फोडला. आत दोन पत्रकं आणि अर्धं वेळापत्रक. दुसरी बाजू तशीच ठेवली आहे, ती उद्या न्यायाधीशांसमोर फोडेन. आणि पोलीस सरळ त्या वहीकडे गेला तो कुणी पत्ता दिला म्हणून नव्हे. कोपऱ्याला माझी खळ कमी पडली असणार, पुठ्ठा सुटला असणार. ज्याला शोधायचंच आहे त्याला एवढी फट पुरते.

आता जे तोंडाने सांगता येणार नाही ते लिहिते. हे मला एप्रिलमध्येच कळलं होतं. चाळीस दिवस मी गप्प बसले, ती घाबरून. दुसरं काही कारण नाही. रोज म्हणायचे, उद्या जाऊ. मास्तरांना नेलं तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं माहीत आहे? आता माझ्याकडे कुणी येणार नाही, असं आलं. स्वतःची शिसारी आली, तरी आणखी तीन आठवडे गेले.

घड्याळ नवं नव्हतं. फक्त पट्टा नवा होता, आणि ते मला तेव्हाच दिसलं होतं. टपरीवरच्या माणसाकडे त्या दिवशी कोण बघत नव्हतं? मीही बघत होते.

काल मास्तरांच्या घरी गेले. त्यांची बायको दारात उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. मी सगळं उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. ऐकून घेतलं आणि दार लावलं. बरोबर केलं तिने.

तुझी ज्युनियर म्हणते, सांगितलंत तर तुम्हालाही आत घेतील. घेऊ देत. तू मात्र माझ्यासाठी काही शक्कल काढू नको. या वेळी माझं ऐक.

ताई


कच्च्या कैद्यांची बराक
९ ऑगस्ट

मास्तर,

तुम्हाला सोडल्याला तीन आठवडे झाले. हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं.

ताईने कोर्टात रजिस्टर फोडलं तेव्हा मी आरोपीच्या पिंजऱ्यात होतो. पत्रक निघालं, वेळापत्रकाचा तुकडा निघाला. न्यायाधीशांनी चष्मा काढून ते थांबे मोठ्याने वाचले, तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वाटलं, संपलं आता. पण पोलिसांनी ताईला कोर्टाच्या पायरीवरच धरलं. तिचं दुकान म्हणजे त्या संघटनेचं कोठार, असं आता नवं आरोपपत्र आहे. माझा जामीन पुन्हा फेटाळला. तिला आमच्याच भिंतीपलीकडे ठेवलंय, बायकांच्या बराकीत. तिचं पत्र मला बारा दिवसांनी मिळतं, कारण ते शहराच्या टपालकचेरीला वळसा घालून येतं.

मी तुमची माफी मागतो. मला आत येऊन दोन महिने झाले होते. चार भिंतींत माणूस एकच विचार चघळत बसतो, प्रत्येक गोष्ट त्यालाच चिकटते. वही तुमच्याकडे होती, एवढाच धागा माझ्या हातात होता. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानेही तोच ओढला असता.

एक मात्र विचारतो, राग मानू नका. तुम्ही ताईला पुठ्ठ्याचं का विचारलं होतं? तुम्हाला काही ठाऊक होतं का? असेल तर मला का कळवलं नाहीत?

तुमचा
वकील


वस्ती
२८ ऑगस्ट

वकीलसाहेब,

पत्र मिळालं. माफीचं वाचलं. पुढचे प्रश्नही वाचले.

पुठ्ठ्याचं का विचारलं ते सांगतो. लोकांना जबान्या वाचून दाखवताना तिसऱ्या वहीचा कोपरा सुटलेला दिसला. आतून कागद डोकावत होता, त्यावर बसच्या वेळा होत्या. ६.४० ची गाडी मी रोज पकडतो, म्हणून लक्षात राहिलं. तुम्हाला धरल्यावर ऐकलं की पत्रक पुठ्ठ्यात मिळालं, तेव्हा शंका आली की रद्दीतूनच आलं असावं. ताईंना विचारायला गेलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मग तुमच्या ज्युनियरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, साहेबांचा निरोप आहे, तुमच्याशी या केसबद्दल बोलायचं नाही. तुम्हाला कळवायला मी पत्र लिहिलं असतं तर ते आधी तुरुंगातल्या साहेबांनी वाचलं असतं आणि ताईंना दुसऱ्याच दिवशी नेलं असतं. नळापाशी मी हात वर केला तो बोलायचं होतं म्हणून. तुम्ही मान वळवलीत.

चौकशीत मला म्हणाले, पुठ्ठ्यात कागद कुणी भरला तेवढं सांग आणि घरी जा. मी म्हणालो, माहीत नाही. सत्तर दिवस हेच म्हणालो. का म्हणालो, ते मला अजून नीट सांगता येत नाही. फार मोठ्या मनाने नाही. बहुतेक तुम्ही माझं नाव दिलंत त्याच्या रागाने.

मी आत असताना वस्तीत मला फितूर म्हणत होते. तुमच्यासारख्या माणसाने लिहून दिलंय म्हटल्यावर लोक का नाही मानणार? धाकटीने शाळेत जाणं सोडलं होतं, आता पुन्हा जाते. माझी नोकरी अजून दिलेली नाही.

तुम्ही लिहिता, तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानेही तेच केलं असतं. असेल. पण ती वही तीन घरांत राहिली होती. तुमच्या, माझ्या आणि ताईंच्या. पत्रक पुठ्ठ्यात होतं, आणि पुठ्ठा ताईंनी लावला होता. तरी ताईंनी स्वतः सांगेपर्यंत चार महिन्यांत तुम्हाला एकदाही तिकडे बघावंसं वाटलं नाही. बघायचं होतं असं मी म्हणत नाही, बहीण आहे. मी फक्त विचारतो, माझ्या घराकडे बघायला तुम्हाला किती दिवस लागले?

ताईंना दर सोमवारी भेटायला मीच जातो. पहिल्या सोमवारी त्या रडल्या, दुसऱ्या सोमवारपासून तिथल्या फायली कशा वेड्यावाकड्या बांधल्यात ते सांगतात.

तीनशे बारा जबान्या अजून जप्त आहेत. मी पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लागलो. कागद सुटेच ठेवतो, दोऱ्यात ओवून. सत्तावीस झाल्या. अठ्ठाविसावी माझी आहे, ती मीच लिहिली. शेवटी आपण सगळ्यांना विचारायचो, हे तुमच्याशी कुणी केलं, नाव सांगा. लोक कचरायचे. तेव्हा तुम्ही म्हणायचात, नावाशिवाय जबानी पोकळ राहते, घाबरू नका, सांगा. मी तीन नावं लिहिली आहेत. दोन मला जिथे नेलं त्या चौकीतल्या साहेबांची आहेत. तिसरं तुमचं.

तुम्ही सुटून आलात की या जबान्या कोर्टात ठेवायच्या आहेत, आणि वकील तुम्हीच हवेत. माझी जबानी तुम्हीच उभं राहून वाचायची, त्यातला एक शब्दही गाळायचा नाही.

मास्तर